पाहुण्यांचा टोप

प्लासिड तुस्कानो यांनी घरावर स्लॅब टाकला त्याला बरीच वर्षं झाली, पण मागची पडवी त्यांनी कौलारूच ठेवली आहे. पडवी त्यांची, आतली जवळजवळ एकही वस्तू त्यांची नाही. तांब्याचे टोप, पितळेच्या पराती, हातभर दांड्यांचे झारे, वल्ह्याएवढे कालथे आणि लग्नातले फुगे, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळायच्या लोखंडी कढया या फेब्रुवारीपर्यंत तिथे होत्या. वसईत पापडीच्या मागे असलेल्या चिंचभाट आळीची ही सामाईक भांडी. प्लासिड त्यांचे राखणदार. आधी त्यांचे वडील होते. वडिलांनंतर कोणी त्यांची निवड केली नाही. एका लग्नाहून भांडी परत आली तेव्हा म्हातारा अंथरुणावर होता, ती उतरवून घ्यायला प्लासिड पुढे झाले, आणि पुढच्या लग्नाला लोक त्यांच्याकडे आले.

प्लासिड आता सत्तरी ओलांडलेले आहेत. वालीवच्या एका कारखान्यात ते फिटर होते. लग्नाच्या हंगामात ते दुसरी पाळी मागून घेत, कारण टोप सकाळी द्यायचे असत. कारखान्यातल्या साहेबाला वाटे, माणसाला सकाळी झोप प्यारी आहे.

भांडी देण्याघेण्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. नेताना घरचा माणूस यायचा, नोकर चालायचा नाही. परत आणताना भांडं चिंच आणि राखेनं घासलेलं हवं. ओलं भांडं प्लासिड परत घेत नसत. ते अंगणात उपडं घालायला लावत आणि वाळेपर्यंत त्या माणसाला ओट्यावर बसवून चहा पाजत. पोचा आला तर कोणी आणला ते सांगायचं, दंड नाही. राखणदाराला मोबदलाही नाही. फक्त भाताच्या टोपाच्या तळाची खरवड त्याच्या घरी पोचवायची. त्यांच्या पत्नी क्लारा म्हणतात की आपली मुलं दुसऱ्यांच्या खरवडीवर मोठी झाली. तक्रारीचा सूर असतो, पण त्या ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

त्या काळी चिंचभाटात लग्न एका घरात होत नसे. आदल्या दिवशी मांडव घातला की आळीतले पुरुष चटईवर ओळीनं बसून कांदे चिरत आणि नवरदेवाच्या शाळेतल्या भानगडी त्याच्या सासरच्यांना ऐकू जातील अशा आवाजात सांगत. बायका कढईभोवती बसून आंबवलेल्या पिठाचे गोळे अंगठा आणि बोटांमधून तेलात सोडत. फुगे गोल आले नाहीत तर पीठ मळणारीच्या माहेराचा उद्धार होई. डुकराचं इंद्याल आधीच शिजवून ठेवलेलं असे, कारण व्हिनेगर मुरायला वेळ लागतो. सगळ्यात मोठे दोन टोप एकाच मापाचे. भरलेला टोप चुलीवरून उतरवायचा तर कड्यांमधून बांबू घालावा लागे आणि चौघं लागत. बांबू खांद्यावर घेणाऱ्यांत उंचीचा मेळ हवा म्हणून भोयांसारख्या जोड्या ठरलेल्या होत्या.

या दोन मोठ्या टोपांपैकी एकाला आळीत ‘पाहुण्यांचा टोप’ म्हणत. पाहुणे म्हणजे शेजारच्या माळीआळीतले, वाडवळांकडचे, बाजारातले दुकानदार. फार पूर्वी ख्रिस्ती लग्नात हिंदू शेजाऱ्यांना कोरडा शिधा घरपोच दिला जाई. पुढे घरोबा वाढला, तेव्हा ते जेवायलाच येऊ लागले. त्यांच्यासाठी वाडीच्या पलीकडच्या टोकाला वेगळी चूल मांडत, माळीआळीतलाच एक आचारी येई आणि या एका टोपात वरण नाही तर भात शिजे. त्यात कधी मटण गेलं नाही, मासळी गेली नाही, अंडंही उकडलं गेलं नाही. ओळख म्हणून त्याच्या कडीला लाल फडकं बांधलेलं असे. फडकं विटलं की प्लासिड नवं बांधत. पाहुण्यांनी कधी विचारलं नाही, दुसऱ्या टोपात काय शिजतं. त्यांना फडकं माहीत होतं.

मग हॉल आले, केटरर आले. लग्नाच्या जेवणाबरोबर ताटं, चमचे, वाढपी आणि आइस्क्रीमही तयार मिळू लागलं. ज्या घरांनी चार पिढ्या प्लासिडच्या पडवीतून टोप नेले त्यांनी आता त्यांना नुसती पत्रिका दिली. टाळेबंदीत वालीवच्या कारखान्यांत अडकलेल्या मजुरांसाठी आळीनं खिचडी केली, तेव्हा टोप शेवटचे चुलीवर चढले. त्यानंतर पडवीत पाली फिरत होत्या.

आळीच्या मंडळाचे अध्यक्ष फेबियन डाबरे हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. सरळ माणूस. मंडळाच्या सभागृहाचं छप्पर गळतं, दुरुस्तीला वर्गणी जमत नाही आणि तांबं पडवीत काळं पडतंय, असा त्यांचा साधा हिशेब. ख्रिसमसनंतर ते प्लासिडकडे आले आणि म्हणाले की फेब्रुवारीच्या सभेत भांडी विकायचा ठराव ठेवणार आहेत. आधी सांगणं बरं, म्हणून आलो.

“कोणी वापरत असेल तर मी ठराव मागे घेतो, काका,” ते म्हणाले. “नाव सांगा फक्त.”

प्लासिडकडे नाव नव्हतं.

नाव आलं ते समोरच्या इमारतीतून. ही सात मजल्यांची सोसायटी प्लासिडच्या चुलतभावाच्या वाडीवर उभी आहे. जिथे पानवेली होत्या तिथे गाड्या लागतात. क्लारा रोज सकाळी आपल्या ओट्यावर अळूच्या जुड्या, केळफुलं आणि शेगटाच्या शेंगा घेऊन बसतात आणि इमारतीतल्या बायका कामावर जाण्यापूर्वी ते घेऊन जातात. त्यांतल्या वसुंधरा पाटणकर सोसायटीच्या सेक्रेटरी. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, गिरगावातली चाळ पाडल्यावर इकडे आलेल्या. सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायणाची पूजा आणि महाप्रसाद असतो. मागच्या वर्षी केटररचा भात कमी पडला आणि वरच्या मजल्यावरची माणसं उपाशी परतली, म्हणून या वर्षी घरीच शिजवायचं ठरलं होतं. अडचण भांड्यांची होती. वसईत त्या दिवशी गल्लोगल्ली सत्यनारायण असतो आणि मंडपवाल्यांकडची मोठी भांडी आधीच गेलेली असतात.

हे गाऱ्हाणं अळू निवडता निवडता क्लाराबाईंच्या कानावर पडलं. त्यांनी हात पुसले आणि वसुंधराबाईंना पडवीत नेलं.

वसुंधराबाईंनी एका टोपाच्या काठावरून हात फिरवला. चाळीतल्या गणपतीला अशीच भांडी माळ्यावरून निघायची, असं त्यांनी मग सांगितलं. त्यावर आपापल्या ठिकाणची भांडी किती मोठी होती याबद्दल त्यांची आणि प्लासिडची थोडी चढाओढ झाली. शेवटी वसुंधराबाईंनी जे विचारायचं ते विचारलंच. राग मानू नका, पण यात काय काय शिजतं?

प्लासिडनी पाहुण्यांच्या टोपाची सगळी हकिकत सांगितली. लाल फडकं हातात धरून दाखवलं. वसुंधराबाईंनी दुसऱ्याच दिवशी कमिटीला विचारलं आणि होकार कळवला. सोसायटीत कांदालसूणसुद्धा न खाणारी घरं आहेत. त्यांनाही त्यांनी फडक्याची गोष्ट सांगितली होती आणि त्यांची हरकत नव्हती.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. प्लासिड थांबले नाहीत. त्यांच्या डोक्यात आता फेब्रुवारीची सभा होती. इमारतीच्या पूजेत टोप चकाकला पाहिजे आणि सभेच्या दिवशी बाकीची भांडीही तशीच चकाकली पाहिजेत; मग ठरावाला हात कोण वर करतो ते बघू. वसईत दारोदार फिरणारे कल्हईवाले आता येत नाहीत. नालासोपाऱ्याला एकाचं दुकान आहे असं कळलं. प्लासिडनी टेम्पो ठरवला आणि दोन्ही मोठे टोप स्वतःच्या खर्चानं पाठवून दिले. वाटेत सुटू नये म्हणून लाल फडक्याला आणखी एक गाठ मारली.

दोन दिवसांनी टोप परत आले. आतून चांदीसारखे. कारागीर कामाचा पक्का निघाला. त्यानं पोचे ठोकून सरळ केले होते, बाहेरून काट काढला होता, सैल कड्या नव्या रिव्हेटनं बसवल्या होत्या. भट्टीवर चढवण्यापूर्वी कडीचं फडकं अर्थातच कापून टाकलं होतं.

प्लासिडनी दोन्ही टोप पडवीत शेजारी शेजारी ठेवले आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

आधी ते घाबरले नाहीत. एवढी वर्षं हाताळलेली भांडी, ओळखू येतीलच असं त्यांना वाटलं. पाहुण्यांच्या टोपाला काठाजवळ पोचा होता. तो सपाट झाला होता. दुसऱ्याची एक कडी खुळखुळायची. आता चारही घट्ट होत्या. दोन्हींवर क्रूस आणि आळीचं नाव एकाच हातानं कोरलेलं. त्यांनी वजन करून पाहिलं, वाजवून पाहिलं. नालासोपाऱ्याला फोन लावला. कारागीर म्हणाला की चचा, मेरे पास दिन में बीस बरतन आते हैं, और चिंदी कौन याद रखता है.

क्लाराबाईंना यात फारसं संकट दिसलं नाही. टोप लाल होईपर्यंत तापला, नवसागराचा धूर झाला, आत नवं कथील चढलं. त्यात आता कसलं डुक्कर उरलंय? कुठल्याही एकाला फडकं बांधावं आणि मोकळं व्हावं. “आगीतून निघालेल्याला कसला विटाळ?” त्या म्हणाल्या. “आपल्या धर्मात तर पापीसुद्धा शुद्धीच्या आगीतून बाहेर आला की स्वर्गात जातो.”

फेबियन सरांच्याही कानावर गेलं. ठराव त्यांचाच, तरी त्यांनी तोच सल्ला दिला: शक्यता निम्मी निम्मी आहे, आणि चुकलं तरी कोणाला कळणार नाही.

प्लासिडना कळणार होतं. पण ते कारण त्यांनी दिलं नाही. ते एवढंच म्हणाले की बाजारातले लोक आपल्याकडे जेवले ते फडकं बघून. आपण मनाला येईल तिथे बांधलं, तर मग आजवर बांधलेल्याचाही भरवसा कोण धरणार?

पूजा दोन दिवसांवर आली होती. प्लासिड शर्ट घालून समोरच्या इमारतीत गेले. वसुंधराबाई तळमजल्यावर पताका लावायला शिडी धरून उभ्या होत्या, वर कमिटीचे जितेश शहा. प्लासिडनी शिडीखालीच सगळं सांगितलं. दोनपैकी एकात आम्ही आजवर डुक्कर शिजवलंय आणि तो कोणता हे मला आता सांगता येत नाही.

जितेशभाई दोन पायऱ्या खाली उतरले.

“अंकल, नसतं सांगितलं तर?” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नवल होतं.

वसुंधराबाईंनी त्यांना गप्प केलं. “प्लासिडभाऊ, मी स्वतः जेवले असते हो. पण माझ्या एकटीचा प्रश्न नाही. सांगितलं तर काही घरं जेवणार नाहीत, आणि न सांगता मी वाढणार नाही.”

“तेच म्हणायला आलो होतो,” प्लासिड म्हणाले.

वसुंधराबाई रोज ज्या गेटमधून अळू न्यायला बाहेर पडायच्या तिथपर्यंत त्यांना पोचवायला आल्या. सोसायटीनं धावपळ करून विरारहून ॲल्युमिनियमची पातेली मागवली. महाप्रसाद नीट झाला, भातही पुरला. प्लासिड आणि क्लारा यांना बोलावणं होतं. ते गेले, शिरा घेतला, जेवले आणि लवकर परतले.

सभा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर, गळक्या सभागृहात भरली. फेबियन सरांनी ठराव वाचला आणि शब्द दिल्याप्रमाणे विचारलं की भांडी कोणी वापरणार आहे का. प्लासिड उभे राहिले. कोणी नाही, असं त्यांनी सांगितलं. मग टोपांचं काय झालं तेही सांगितलं, कारण अर्ध्या आळीला ते उलटसुलट कळलं होतं.

लोक हसले. हसणं साहजिक होतं. चाळीस वर्षं ओलं भांडं न स्वीकारणाऱ्या माणसानं दोन टोपांत घोळ केला होता. मागून कोणीतरी सुचवलं की पुढच्या वेळी काकांच्याच मनगटाला फडकं बांधून ठेवा. पण मग म्हातारी माणसं बोलायला लागली आणि सभेचा विषय हातातून सुटला. तो काठावरचा पोचा कोणाच्या लग्नातला यावर दोन घरांत वाद झाला. एकीच्या मते, तिच्या भावाच्या लग्नात बांबू मोडून टोप घसरला तेव्हा तो पडला. दुसऱ्याच्या मते तो बांबू त्याच्या बापानं धरला होता आणि मोडला नव्हता, समोरचे दोघं प्यायलेले होते. माळीआळीतला आचारी भातावर झाकण ठेवताना कसा सगळ्यांना गप्प बसायला लावायचा, ते एकानं करून दाखवलं. तरुण मुलं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. त्यांतल्या बहुतेकांनी आळीत शिजलेलं लग्नाचं जेवण जेवलंच नव्हतं.

फेबियन सरांनी टेबल वाजवलं. आठवणींनी छप्पर दुरुस्त होत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं. ठरावाला हात वर करायला त्यांनी सांगितलं. बरेच हात वर आले. प्लासिडनी स्वतःचाही हात वर केला. तांबं पडून राहण्यापेक्षा छप्पर बरं, हे त्यांनाही दिसत होतं.

तेव्हा क्लाराबाई बायकांच्या रांगेतून उठल्या. सभेत त्या सहसा बोलत नाहीत.

“पाहुण्यांचा टोप विकता येतो का?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, आळीचाच टोप, न विकायला काय झालं.

“आळीचा कसा? आपल्यातल्या कोणी त्यात एक दिवस स्वतःसाठी शिजवलंय? तो त्यांच्यासाठी ठेवलेला. त्यांना न विचारता मोडीत कसा घालता?”

बाजारातल्या जुन्या घरांची नावं दोघातिघांच्या तोंडून आपोआप निघाली. फेबियन सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ठीक आहे, पाहुण्यांचा टोप ठेवू, बाकीची भांडी विकू.

“ठेवा,” क्लाराबाई म्हणाल्या. “कोणता ठेवता?”

या वेळी हशा मोठा होता आणि त्यात सरही होते. गणिताच्या शिक्षकानं पुढचं पाऊल स्वतःच टाकलं. दोनपैकी एक विकता येत नाही आणि तो कोणता ते माहीत नाही, म्हणजे दोन्ही विकता येत नाहीत. आणि ठेवायचे तर आजपासून दोन्हींत सामिष काही शिजणार नाही. सभेनं तसं मंजूर केलं. ज्या आळीचं इंद्याल आसपासच्या गावांत नावाजलेलं, तिच्या पडवीत आता इंद्यालाला भांडं उरलं नाही.

बाकीची भांडी महिनाअखेर गेली. प्लासिडनी ती स्वतः टेम्पोत चढवली, कढया एकात एक बसवून, मधे गोणपाट घालून, मोडीत जाणाऱ्या वस्तूंना कोणी घालत नाही तसं. टेम्पोवाला घाई करत होता. सभागृहाचं छप्पर मार्चमध्ये झालं. ते गळत नाही.

ईस्टरनंतर प्लासिडच्या धाकट्या मुलाचं, केल्विनचं लग्न झालं. नवरी अमिषा विरारची. मुलांच्या मर्जीप्रमाणे हॉल होता, केटरर होता, इंद्यालही केटररचंच आणि ते गोड होतं, यावर आळीत एकमत आहे. केल्विनचं बापाशी एकाच गोष्टीवरून वाजलं. केटररकडे शाकाहारी जेवणही होतं, मग घरी वेगळं शिजवायची काय गरज? प्लासिड म्हणाले की माझ्या पाहुण्यांचं मी बघतो. त्यांनी लग्नाच्या सकाळी वाडीत, म्हणजे पडवी आणि कुंपण यांच्यामध्ये जेवढी वाडी उरली आहे तेवढ्यात, चूल मांडली. बांबूला आळीतली तरुण मुलं आली. त्यांच्या उंचीचा मेळ बसत नव्हता, म्हणून दोनदा जोड्या बदलाव्या लागल्या. भात उतरला, टोप टेम्पोतून हॉलवर गेला. सुटाबुटातल्या केटररनं आपल्या टेबलांच्या रांगेत त्याला जागा करून दिली आणि आपल्या माणसांना सांगितलं, त्याला हात लावू नका.

वसुंधरा पाटणकर आल्या होत्या, जितेश शहा सहकुटुंब आले होते, माळीआळीतल्या आचाऱ्याचा मुलगाही आला होता. टोपांचा घोळ आणि सभेचा ठराव प्लासिडनी पत्रिका देतानाच सगळ्यांना सांगितला होता. वसुंधराबाई वाढून घेताना थांबल्या. दोनपैकी यातला कोणता, असं त्यांनी हसत विचारलं.

“जो हाताशी होता तो,” प्लासिड म्हणाले आणि त्यांच्या ताटात भात वाढला.